आधी चष्मा द्या, मग चौक सजवा

येवल्याच्या विकासाचं भाषण कुठल्याही पक्षाच्या मंचावरून ऐका. रस्ते येतात, पूल येतो, चौकांचं सुशोभीकरण येतं, पैठणी पर्यटन येतं, मांजरपाडा प्रकल्पाचं पाणी येतं. विणकराचे डोळे येत नाहीत. कांदा लावणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन येत नाही. दहावी झाल्यावर कांड्या भरायला बसलेली पोरगी येत नाही.

पाणी हवं, रस्ता हवा, त्यावर वाद नाही. अवर्षणाच्या तालुक्यात पाण्याला कमी लेखणारा माणूस येवल्याचा नव्हेच. वाद क्रमाचा आहे. तब्येत आणि शाळा हे विषय भाषणाच्या शेवटी, आभाराच्या जरा आधी उरकले जातात. आधी पैसा येऊ द्या, मग दवाखाने आणि शाळा सुधारतील, असा त्यामागचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा आहे. ज्या हातांनी येवला कमावतं ते हात आणि ते डोळे धड राहिले नाहीत, तर पैसा येणार कुठून?

माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगतो. तालुका किती कमावेल हे माणसांची तब्येत ठरवते, आणि त्या कमाईतलं किती तालुक्यात राहील हे माणसांचं शिक्षण ठरवतं. पुढचं सगळं या वाक्याची फोड आहे.

*

पैठणीपासूनच सुरू करू. तिचं रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून येते. मग त्या साडीत येवल्याचं काय? खड्डा मागावर बसलेल्या माणसाचं शरीर आणि त्याच्या बोटांतली विद्या. ताण्याच्या तारांमधून एकेका रंगाची तिल्ली फिरवायची आणि पदरावरचा मोर, मुनिया, आसावलीची वेल हातानं भरायची, हे काम अजून डोळे आणि बोटंच करतात. साधी साडी लवकर उतरते. भरगच्च पदराची साडी महिनोन् महिने मागावर राहते. बाजारात तिची किंमत लाखाच्या घरात जाते ती या महिन्यांमुळे.

मजुरी ठरते ती साडीवर. किती दिवस बसलात याला भाव नाही, किती विणलं याला आहे. म्हणजे ताप आला तर मजुरी थांबली. मान धरली तर मजुरी थांबली. मूल आजारी पडलं आणि आई दवाखान्यात बसली तरी मजुरी थांबली. कारखान्यातल्या कामगाराला ईएसआय असतो, आजारपणाची रजा असते. घरातल्या मागाला यातलं काही लागू नाही. विणकराचं शरीर हेच त्याचं भांडवल, तेच त्याचं यंत्र आणि तीच त्याची विमा पॉलिसी.

देशभरचं चित्र चौथ्या हातमाग गणनेत, म्हणजे २०१९-२० मध्ये समोर आलं. देशात ३५ लाखांहून जास्त हातमाग कामगार आहेत. त्यांत बायकांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर आहे. हातमागावर जगणाऱ्या कुटुंबांपैकी साधारण दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजार रुपयांच्या आत. कामगारांतला जवळपास चौथा हिस्सा औपचारिक शिक्षणाविना. हे दोन आकडे योगायोगानं शेजारी बसलेले नाहीत. पैठणी हा या सगळ्या मालातला मानाचा आणि महागडा माल आहे, म्हणून येवल्याचं चित्र यापेक्षा बरं असायला हवं. ते किती बरं आहे, हे तालुक्याच्या पातळीवर मोजून कुणी जाहीर करावं, अशी माझी पहिली मागणी आहे.

*

आता डोळ्यांकडे येऊ. चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर दिसायला लागतं. हे सगळ्यांचंच होतं. कारकून कागद लांब धरून वाचतो आणि महिनाभरात चष्मा करून घेतो. विणकराला ताण्याची तार लांब धरता येत नाही. मग तो हळू विणतो. बारीक नक्षीचं काम सोडून साध्या कामाकडे वळतो, किंवा पोराला मागावर बसवून स्वतः बाजूला होतो. हातात तीस वर्षांची विद्या असते आणि ती ऐन पिकलेली असताना नजरेपायी कमी भावानं विकली जाते. आजार नाही, शस्त्रक्रिया लागत नाही, महाग औषध लागत नाही. बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणारा चष्मा लागतो.

या चष्म्याचं मोल दोन देशांत मोजलं गेलं आहे. आसाममधल्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या मजुरांवर झालेला प्रयोग २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना जवळचं पाहायचा चष्मा दिला, काहींना प्रयोग संपल्यावर दिला. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी इतरांच्या तुलनेत जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढली. तिथंही मजुरी वजनावर, म्हणजे जास्त पानं म्हणजे जास्त पैसे. पुढं बांगलादेशात ३५ ते ६५ वयाच्या ८२४ कष्टकऱ्यांवर असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली आले. आठ महिन्यांनी चष्मेवाल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त होती.

एका चष्म्यात तिसरा हिस्सा जास्त कमाई! येवल्यातल्या कुठल्या कामाला एवढा परतावा आहे? कुठल्या चौकाच्या कारंज्याला आहे? शहराच्या अर्थव्यवस्थेबद्दल ज्याला खरोखर काळजी आहे त्यानं पहिला रुपया इथं घालावा. नागड्यासारख्या आसपासच्या गावांसह येवल्यातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक विणकराची नजर तपासायला वर्ष लागणार नाही. तपासणीची माणसं मागापर्यंत गेली, तर काही आठवड्यांचं काम आहे.

मागापर्यंत जाणं महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. चांगला निर्णय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोठ्या शस्त्रक्रियांची सोय आहे, तीही मोलाची. पण साडीवर मजुरी असलेल्या माणसाला उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेतला दिवस मोफत पडत नाही. त्या दिवसाची मजुरी तो स्वतः भरतो. म्हणून तो पाठ दुखली तरी जात नाही, डोळा चुरचुरला तरी जात नाही. जातो तो थेट पडल्यावर. योजनेचं कार्ड त्याला ऑपरेशन टेबलावर उपयोगी पडतं. त्याचं काम ज्या दुखण्यानं कमी होतं ते दुखणं मात्र ऑपरेशनचं नसतं. ते मानेचं, कमरेचं, गुडघ्याचं, नजरेचं आणि रक्ताचं असतं.

पाय खड्ड्यात, पाठ पुढं, मान खाली, तासन् तास. या बैठकीवर अभियांत्रिकीचं डोकं चालवायला हवं. येवल्याजवळ बाभूळगावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षी तिथली मुलं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधत असतात. मागाची बसायची फळी किती उंच हवी, पाठीला टेकू कसा द्यावा, उजेड कुठल्या बाजूनं यावा, हे प्रकल्प चालत जाण्याच्या अंतरावर पडून आहेत. शिक्षण आणि तब्येत एकाच वेळी एकाच शहराच्या कामी येण्याची इतकी सोपी संधी आपण का वाया घालवतो?

*

शहराबाहेर पडलं की कांदा. लासलगावचा बाजार शेजारी निफाड तालुक्यात, येवल्याचीही बाजार समिती आहे. कांद्याच्या भावावर सगळे बोलतात. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ला उठली, त्या पाच महिन्यांवर सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि ते निघायलाच हवे होते. ज्या बाईनं रोप लावलं तिच्या तब्येतीवर मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

कांदा लागणीचं काम बहुतेक उक्तं असतं. बायकांची टोळी एकराचा भाव ठरवते, थंडीत पहाटे निघते आणि दिवसभर वाकून रोपं टोचते. किती लावलं त्यावर पैसे. आता २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा महाराष्ट्राचा आकडा ऐका. १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय. दहा बायकांच्या टोळीत पाच-सहा जणी दम लागत, डोकं गरगरत वाकलेल्या असणार. त्यांना वाटतं, थकवा बाईच्या जातीला असतोच. तो जन्माबरोबर आलेला नसतो. तो लोहाच्या कमतरतेचा आहे, लवकर लग्नाचा आहे, पाठोपाठच्या बाळंतपणांचा आहे, आणि घरात शेवटी जेवण्याचा आहे.

शेतकऱ्यानंही याचा हिशेब करावा. मजूर मिळत नाहीत, टोळ्या भाव वाढवतात, ही तक्रार गावोगाव आहे. एका टोळीतल्या निम्म्या बायका निम्म्या ताकदीनं काम करत असतील, तर तुमचं एकर जास्त वेळ घेणारच. सत्तरच्या दशकात इंडोनेशियातल्या रबरमळ्यांवर रक्तक्षय असलेल्या मजुरांना लोह दिलं तेव्हा त्यांचं काम वाढलेलं दिसलं. लोहाची गोळी सरकारकडून येते. ती आशाताईच्या पिशवीतून बाईच्या हातात, हातातून पोटात आणि पोटातून रक्तात जाते की नाही, हे तीन महिन्यांनी बोटाच्या एका थेंबानं कळतं. गोळ्या किती वाटल्या हा आकडा पुरेसा नाही. हिमोग्लोबिन किती वाढलं हा आकडा मागा.

हीच बाई पुढं आई होते आणि तिच्या रक्तातली उणीव पोरात उतरते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. खुजं मूल नुसतं उंचीला कमी राहत नाही. त्याची आजारपणं जास्त, शाळा बुडणं जास्त, अभ्यासात मागं पडणंही जास्त. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ पासून लहान मुलांना पौष्टिक पेय देण्याचा प्रयोग झाला. काही खेड्यांत प्रथिनयुक्त पेय दिलं, काहींत साधं. ती मुलं मोठी होऊन कमवायला लागल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेय मिळालेल्या मुलग्यांची तासाची मजुरी सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. निष्कर्ष २००८ साली छापून आला. वाटीभर पेयाचा हिशेब पूर्ण व्हायला तीस-चाळीस वर्षं लागली.

अंगणवाडीताईच्या हातात असा तीस वर्षांचा हिशेब असतो. तिचं मानधन आणि तिच्या खोलीतला वजनकाटा या तालुक्याच्या अर्थसंकल्पातल्या गोष्टी आहेत. त्यांना समाजकल्याणाच्या कोपऱ्यात ढकलू नका.

*

शरीराचं झालं. आता शाळा.

निरोगी विणकर जास्त विणेल, पण त्याच्या हाती किती उरेल हे त्याच्या विणण्यावर ठरत नाही. ते ठरतं कच्च्या मालाचा भाव काढता येतो का, साडीचा खर्च मांडता येतो का, बिल करता येतं का, गिऱ्हाइकाशी थेट बोलता येतं का, फोटो टाकून माल विकता येतो का, यावर. हे जमतं त्याचं दुकान होतं. हे जमत नाही तो आयुष्यभर दुसऱ्याच्या रेशमावर मजुरी करतो. दोघांच्या हातातली विद्या सारखीच असू शकते.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. मानांकन कायद्यात मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, कागद भरावे लागतात, मुदती सांभाळाव्या लागतात. ज्याला फॉर्म वाचता येत नाही त्याच्यासाठी ते मानांकन भिंतीवरच्या चौकटीपुरतं राहतं. यंत्रमागावरची सेमी पैठणी खऱ्या पैठणीच्या शेजारी टांगली जाते आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तो फरक ठासून सांगायला हक्काची भाषा लागते. ती शाळेत मिळते.

म्हणून दहावीनंतर मागावर बसलेल्या पोरीचा प्रश्न थेट पैशाचा आहे. ती आज कांड्या भरते, घराला आज शंभर रुपये वाचतात. ती बारावी, मग पदवी करते, तर घराला पुढची तीस वर्षं रेशीम कुठून घ्यायचं आणि साडी कुणाला विकायची हे ठरवणारं माणूस मिळतं. आजचे शंभर आणि तीस वर्षांची मालकी, यातलं काय मोठं? घराला आज चूल पेटवायची असते, म्हणून घर शंभर निवडतं. त्यासाठी मी त्या घराला दोष देणार नाही. दोष त्या व्यवस्थेचा, जी तिसावं वर्ष कधी दाखवतच नाही.

कायद्यातही भोक आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनं मुलांना शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मुभा दिली. घरात माग असेल तर शाळेनंतर म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायला कुणी येत नाही. घरची कला पोरानं शिकावी यात गैर काही नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या घेणारं मूल कला शिकत नसतं, मजुरी करत असतं. शिक्षकांना असं मूल दिसतं. त्यांनी पालकांशी बोलावं आणि गावानं शिक्षकांच्या पाठीशी उभं राहावं.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क माफ झालं. आता उरलेल्या गोष्टी तालुक्याच्या हातात आहेत. राजापूरच्या बाजूच्या गावातून कॉलेजच्या वेळेला एसटी येते का, कॉलेजात स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, संध्याकाळची गाडी अंधार पडायच्या आत पोहोचवते का? पास मोफत आणि गाडीच वेळेवर नाही, तर मुलगी घरीच. मुलगी घरी बसली की लग्न लवकर. लग्न लवकर की अशक्त आई आणि खुजं मूल. कांद्याच्या वाफ्यापासून अंगणवाडीपर्यंतची ही साखळी एसटीच्या एका फेरीनं तुटू शकते.

*

यावर येवल्यात एक आक्षेप हमखास येतो आणि तो फेटाळून चालणार नाही. पोरं शिकली की माग सोडतात. सातपूर, अंबड, सिन्नर, वाळूज, पुणे इथल्या कारखान्यांत निघून जातात. मग पैठणी विणणार कोण?

उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की जी पोरं जातात ती कुठल्या फाटकातून आत शिरतात हेही शिक्षणच ठरवतं. आयटीआय केलेला पोरगा कायम नोकरीच्या रांगेत उभा राहतो. अर्धवट शाळा सोडलेला ठेकेदाराच्या ट्रॉलीत चढतो. गाव दोघंही सोडतात. घरी पैसा पाठवण्याची ऐपत एकातच येते.

दुसरा भाग जास्त टोचणारा आहे. दुसरा मार्गच नाही म्हणून माणसं मागावर टिकली असतील, तर ती कला टिकली असं म्हणता येत नाही. ती माणसं अडकली आहेत. माणसाच्या अज्ञानावर तगणारी कला वाचवायचा हक्क आपल्याला नाही. शिकलेला पोरगा शहराची नोकरी समोर असताना मागावर बसायचं ठरवतो, तेव्हा तो स्वतःचा भाव मागतो आणि मिळवतो. पैठणीला अशा विणकरांची गरज आहे. त्यांची संख्या कमी असेल आणि साडी महाग होईल. होऊ द्या. चार हजारांत पैठणी मागणाऱ्या गिऱ्हाइकानंही जरा विचार करावा. लग्नाच्या बस्त्यात घासाघीस करून वाचवलेले हजार रुपये कुणाच्या तरी पोरीच्या फीमधून गेलेले असतात. गावोगावी 'खेळ पैठणीचा' रंगतो, जिंकणारीच्या खांद्यावर पदर पडतो, टाळ्या पडतात. त्या मंचावर एकदा विणणाऱ्या बाईलाही बोलवा आणि तिच्या मुलीची शाळा विचारा.

*

येवल्याला हे सांगणारा मी पहिला नाही. मनमाड ओलांडून पुढं गेलं की मालेगाव तालुक्यात कवळाणे हे गाव आहे. तिथल्या एका शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. हेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बडोदा आधी श्रीमंत होऊ दे, मग शाळा काढू, असं म्हणत ते थांबले नाहीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तेच केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. कोल्हापूर तेव्हा श्रीमंत नव्हतं.

याच सयाजीरावांनी १९१३ साली एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तो तरुण पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ला याच येवल्यात त्यानं धर्मांतराची घोषणा केली. कवळाण्यातून निघालेला शिक्षणाचा पैसा कोलंबिया आणि लंडन फिरून नाशिक जिल्ह्यात परत आला आणि त्यानं देशाचा इतिहास वळवला. एका शिष्यवृत्तीचा यापेक्षा मोठा परतावा कुणी दाखवावा.

त्या घोषणेच्या जागी, मुक्तिभूमीवर, दरवर्षी हजारो माणसं येतात. त्या घोषणेची आठवण जपली जाते हे योग्यच आहे. पण तिथं उभ्या राहिलेल्या माणसाचं शिक्षण अर्थशास्त्राचं होतं आणि त्या अर्थतज्ज्ञानं नेमकं काय मागितलं होतं, हेही येवल्यानं पाठ करावं. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी हिशेब मांडला की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. दारूतून जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी होती. पहिलीत आलेल्या शंभर मुलांतली अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची पुन्हा निरक्षरतेत जातात, म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्चही वाया जातो, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवलं. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, कामगार बायकांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी या विधेयकाच्या बाजूनं ते उभे राहिले. आईची विश्रांती हे देशाचं हित आहे, म्हणून तिचा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आईचं शरीर आणि मुलाची शाळा हे दोन्ही त्यांनी अर्थकारण म्हणूनच मांडलं. आज शंभर वर्षं होत आली.

या शंभर वर्षांत कागदावर आपण खूप लिहिलं. कोठारी आयोगानं १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर घालायला सांगितलं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्यखर्च २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या काळातसुद्धा, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले शंभरातले ३९ रुपये लोकांनी खिशातून भरले. येवल्यातलं घर त्या ३९ रुपयांसाठी सोनं गहाण टाकतं, सावकाराकडे जातं, पोरीची फी थांबवतं. दवाखान्याचं बिल शाळा कशी खातं ते असं.

महाराष्ट्राला मोजता येत नाही असंही नाही. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीनं रस्ते, सिंचन, वीज यांच्याबरोबर शिक्षण आणि आरोग्यसेवा यांचाही अनुशेष जिल्हावार काढून दाखवला. त्यानंतरची चाळीस वर्षं अनुशेषाचं राजकारण सिंचनाभोवतीच घुटमळलं. डोळ्यांचा अनुशेष, रक्ताचा अनुशेष, शाळेच्या वर्षांचा अनुशेष यावर कुणाचं सरकार पडलं नाही.

*

तेव्हा येवल्यासाठी मागणी सरळ आहे. चाळिशीपुढच्या प्रत्येक विणकराची नजर मागावर जाऊन तपासा आणि चष्मा तिथंच हातात द्या. लागणीचा हंगाम सुरू व्हायच्या तीन महिने आधी प्रत्येक गावातल्या टोळ्यांचं हिमोग्लोबिन तपासा, गोळ्या द्या, पुन्हा तपासा. दहावी झालेली प्रत्येक मुलगी अकरावीत दिसते का, याची यादी शाळेनं ग्रामसभेपुढं ठेवावी. दिसत नसेल तिच्या घरी सरपंचानं जावं. पैठणीच्या व्यापाऱ्यांनी विकलेल्या साडीमागं थोडी रक्कम विणकरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढावी, कारण त्यांच्या धंद्याचं पुढचं भांडवल तीच मुलं आहेत. यातल्या एकाही गोष्टीला धरण बांधावं लागत नाही की दिल्लीची मंजुरी लागत नाही.

आणि मतदारानं एक सवय लावून घ्यावी. मंचावरून कुणी येवल्याचा विकास केला म्हणून सांगितलं, की त्याला तीन आकडे विचारा. तालुक्यातल्या किती विणकरांना चष्मा मिळाला? कांदा लावणाऱ्या किती बायकांचं हिमोग्लोबिन यंदा वाढलं? दहावी झालेल्या शंभर मुलींतल्या किती अकरावीत गेल्या? आकडे सांगता आले तर टाळ्या वाजवा, पक्ष कुठलाही असो. सांगता आले नाहीत तर विकास झाला की नाही हे त्यालाही माहीत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याच्या हातात पुढची पाच वर्षं देऊ नका.